सेंट्रल एसी घेण्याआधी मे महिन्यातली दुपार डोळ्यासमोर आणा

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दोन दिवस आधीची गोष्ट. धुळ्यातल्या एका कापड दुकानाच्या गच्चीवर मी दुपारी तीन वाजता उभा होतो. खाली माहेरी आलेल्या लेकीबाळींसाठी साड्या घ्यायला गर्दी उसळलेली आणि वर चार आउटडोअर युनिट रांगेत गप्प बसलेली. पाण्याची टाकी आणि गच्चीचा कठडा यांच्या मधल्या बोळात ती बसवली होती. ऊन लागू नये म्हणून वर पत्रा टाकलेला. दुकानाच्या आबांनी तक्रार एका वाक्यात सांगितली, "भाऊ, दुपारले हाई बंद पडी जास, रातले मस्त चालस." युनिट जिथून हवा आत ओढतं, त्या मागच्या कॉइलजवळ मी थर्मामीटर धरला. शहरात त्या दिवशी ४४ अंश होते. बोळात आकडा होता ५४.

मशीनमध्ये बिघाड काहीच नव्हता. त्याने बाहेर फेकलेली गरम हवा पत्र्याला आणि भिंतीला अडून पुन्हा त्याच्याच पोटात जात होती. त्याआधी दोनदा कोणीतरी येऊन "गॅस कमी आहे" म्हणत गॅस भरून गेलं होतं. त्या जादा गॅसमुळे आतला दाब आणखी चढला आणि मशीन आणखी लवकर ट्रिप व्हायला लागलं. आम्ही पत्रा काढला, दोन युनिट टाकीपासून लांब उघड्यावर नेली, सगळा गॅस काढून घेऊन वजनावर मोजून नव्याने भरला. त्यानंतर उन्हाळाभर दुपारी एसी बंद पडला नाही.

अठरा वर्षं जळगाव, धुळे, नंदुरबार या भागात मी हेच काम करतोय. दवाखाने, शोरूम, मंगल कार्यालयं, बंगले, पतसंस्थांची कार्यालयं असं सगळं पाहिलं. लाखो रुपये घालून बसवलेला सेंट्रल एसी नेमका मे महिन्यात हात वर करतो, तेव्हा बहुतेक वेळा मशीन वाईट नसतं. ते पुण्या-मुंबईच्या हिशोबाने निवडलेलं असतं. म्हणून हा लेख. यात कुठल्या कंपनीचं घ्यावं हे सांगणार नाही. आपल्या इमारतीला काय लागेल आणि विकणाऱ्याला काय विचारायचं, एवढं तुम्हाला कळावं, ही मनापासून इच्छा आहे.

विहीर, मोटर आणि एसी

एसी थंडी तयार करत नाही. खोलीतली उष्णता उचलून तो बाहेर टाकतो. शेतकरी माणसाला हे समजायला दोन मिनिटं लागत नाहीत, कारण विहिरीवरची मोटर हेच करते. पाणी आपणहून खालून वर येत नाही, ते ओढावं लागतं आणि ओढायला वीज लागते. उष्णतासुद्धा आपणहून २५ अंशाच्या खोलीतून ४५ अंशाच्या अंगणात जात नाही. तिला चढ चढवून न्यावं लागतं.

हा चढ चढवण्याचं काम गॅस करतो. आत, इनडोअरच्या कॉइलमध्ये, कमी दाबाचा, द्रव झालेला गॅस उकळतो आणि उकळताना खोलीतली उष्णता शोषून घेतो. कॉम्प्रेसर तो दाबून बाहेरच्या हवेपेक्षाही गरम करतो. बाहेरच्या कॉइलमध्ये पंखा त्याच्यावर हवा मारतो, उष्णता निघून जाते आणि गॅसचा पुन्हा द्रव होतो. मग तो एका बारीक छिद्रातून जातो, दाब एकदम पडतो, गार होतो आणि परत आत येतो. दिवसभर हेच चक्र. गॅस कुठेही खर्च होत नाही, ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता विहिरीकडे परत या. दिवाळीत पाणी वर असतं, पाच एचपीची मोटर भरभरून पाणी देते. मे महिन्यात पाणी तळाला जातं. मोटर तीच, तरी धार निम्मी होते आणि वीज मात्र त्या मानाने कमी होत नाही. एसीसाठी बाहेरचं तापमान म्हणजे विहिरीची खोली. बाहेर जितकं गरम, तितकी उष्णता ओढून फेकायला अवघड.

पुस्तिकेतला टनाचा आकडा साधारणपणे बाहेर ३५ अंश तापमान धरून दिलेला असतो. आंतरराष्ट्रीय मानकात त्याला टी-१ म्हणतात. उष्ण प्रदेशासाठी वेगळी चाचणी असते, टी-३, ती ४६ अंशांवर होते. आपल्याकडे भुसावळ-जळगावचा पारा मे महिन्यात ४५च्या पुढे जातो हे नव्याने सांगायला नको, आणि सिमेंटची गच्ची त्याहून तापलेली असते. ३५ अंशांवरचं १० टनाचं मशीन ४६ अंशांवर साधारण नऊ टनांचं काम करतं, कधी त्याहून कमी, आणि वीज मात्र वीस-पंचवीस टक्के जास्त ओढतं. म्हणून कोटेशन देणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारा, "४६ अंशांना हे मशीन किती टन देतं आणि किती वीज खातं, ते कागदावर दाखवा." चांगल्या कंपन्यांकडे तापमानानुसार क्षमतेचे तक्ते असतात. विक्रेत्याने ते काढून दाखवले तर त्याला काम कळतं असं समजायला हरकत नाही.

टन हा शब्दही समजून घ्या, कारण सगळा व्यवहार त्याच्यावर चालतो. मशीनचं वजन म्हणजे टन नाही. पूर्वी गारवा बर्फाने मोजायचे. २००० पौंड म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जितकी उष्णता शोषतो, तो एक टन. विजेच्या भाषेत साधारण ३.५ किलोवॅट उष्णता.

किती टन लागतील

"शंभर-सव्वाशे फुटाला एक टन" हा आपल्याकडचा बाजारभाव आहे. अंदाजाला ठीक आहे, खरेदीला नाही. एकाच इमारतीत तळमजल्यावरच्या खोलीला आणि शेवटच्या मजल्यावरच्या पश्चिमेकडच्या खोलीला दुपटीचा फरक पडू शकतो.

छताचंच बघा. हजार चौरस फुटांचा उघडा स्लॅब, वर काहीही न लावलेला, मे महिन्यातल्या संध्याकाळी खालच्या खोलीत साधारण तीन टन उष्णता ओततो. त्याच स्लॅबवर दोन इंच पफ (उष्णता अडवणारा फोम) किंवा तशाच दर्जाचं इन्सुलेशन टाकून वर कोबा आणि पांढऱ्या चिनी फरशीचे तुकडे बसवले, तर हाच आकडा अर्ध्या टनाच्या आसपास येतो. अडीच टनांचं मशीन, त्याची वायरिंग, त्याचं दर महिन्याचं बिल, हे सगळं एका थराने वाचतं. आणि तो थर बिघडत नाही, त्याला सर्व्हिसिंग लागत नाही. माझं गिऱ्हाईक जेव्हा "बजेट कमी आहे" म्हणतं, तेव्हा मी मशीन लहान करायला सांगत नाही. आधी छत करा म्हणतो, मशीन आपोआप लहान होतं.

यावल तालुक्यात माझ्या मावशीचं जुनं घर धाब्याचं होतं. सागाच्या तुळया, त्यावर काटक्या, त्यावर मातीचा हातभर थर. भिंती एवढ्या जाड की कोनाड्यात लहानपणी मी स्वतः बसायचो. दुपारी बाराला बाहेर पाय भाजायचे आणि मधल्या खोलीत फडकं ओलं करून अंगावर घेतलं की झोप लागायची. दुपारची उष्णता त्या मातीतून आत पोचेपर्यंत रात्र व्हायची, आणि रात्री सगळे वर गच्चीवर झोपायला जायचे. नंतर तिथे स्लॅबचं घर झालं. पहिल्या उन्हाळ्यात मावशी मला म्हणाली, "घर चांगलं झालं रे बाबा, पण दुपारी कुठे बसू?" आजही कुणाच्या इमारतीतल्या उष्णतेचा हिशोब, म्हणजे हीट लोड, काढायला बसलो की मला तो प्रश्न आठवतो.

भिंती आणि काचा यांचंही असंच. पश्चिमेला तोंड करून काचेची मोठी दर्शनी भिंत केली की संध्याकाळी चार ते सहा कितीही टन कमी पडतात. काच हवीच असेल तर तिच्यावर बाहेरून सावली द्या. आतल्या पडद्याने उजेड अडतो, पण ऊन तोवर काचेच्या आत आलेलं असतं.

मग माणसं. बसलेला माणूस साधारण १३० वॅट उष्णता सोडतो, त्यातली बरीचशी घामाच्या वाफेच्या रूपात. रावेर, सावद्याकडच्या केळीवाल्यांना हे चटकन पटतं. पिकवण्याच्या चेंबरमध्ये १६ ते १८ अंश ठेवायला मशीन लागतं, ते बाहेरच्या उन्हापेक्षा आतल्या मालासाठी जास्त. पिकणारी केळी स्वतः उष्णता सोडतात. ज्याने फक्त खोलीचं माप बघून मशीन बसवलं, त्याचा माल मधूनच पिवळा होऊन उतरतो. मंगल कार्यालयाचं गणित हेच आहे. पाचशे माणसं म्हणजे ६५ किलोवॅट, म्हणजे नुसत्या वऱ्हाडाचे साडेअठरा टन. त्यांना श्वास घ्यायला बाहेरची ताजी हवा आत घ्यावी लागते. माणशी सेकंदाला आठ लिटर धरली, तर ४५ अंशांची ती हवा गार करायला आणखी वीसेक टन. भिंती, छत, दिवे, जेवणाची वाफ हे सगळं अजून बाकी. आणि त्या हॉलच्या कोटेशनमध्ये मी तीस टन लिहिलेले पाहिले आहेत.

ताज्या हवेच्या या टनांवर सगळ्यात आधी कात्री चालते, कारण ती डोळ्यांना दिसत नाही. ताजी हवा न घेतलेला हॉल गार होतो, पण तासाभरात डोकं जड होतं, वास कोंडतो. दवाखान्यात तर हा खेळ करूच नका.

गरजेपेक्षा मोठं मशीनही वाईट. ते खोली पटकन गार करून बंद पडतं, पुन्हा सुरू होतं, पुन्हा बंद. मे महिन्यात एक वेळ चालून जातं. जुलैत मात्र हवेतला ओलावा काढायला मशीन सलग चालावं लागतं, आणि तेच होत नाही. खोली गार, पण चिकट आणि कुबट लागते. १९०२ साली विलिस कॅरियर या अमेरिकन अभियंत्याने आधुनिक एसीची पहिली रचना केली ती मुळात ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी. दमटपणामुळे कागद फुगायचा आणि रंगांची छपाई सरकायची. ओलावा काढणं हे पहिल्या दिवसापासून या यंत्राचं काम आहे.

'सेंट्रल' म्हणजे नेमकं काय

गारवा एका जागी तयार करायचा आणि अनेक खोल्यांत पोचवायचा, एवढाच अर्थ. प्रकार वेगळे पडतात ते गारवा कशावर बसून जातो त्यावरून. हवेवरून, गॅसवरून किंवा पाण्यावरून.

हवेवरून जातो त्याला आपण डक्टेबल म्हणतो. एक इनडोअर माळ्यावर किंवा फॉल्स सीलिंगमध्ये लपवलेलं, त्यातून जीआय पत्र्याचे डक्ट सगळीकडे फिरवलेले, जाळ्यांतून गार हवा पडते. यंत्रणा सोपी, दुरुस्ती गावातला चांगला मेकॅनिकही करू शकतो, खर्च तुलनेने कमी. एकच मोठी मोकळी जागा असेल, शोरूम, सभागृह, बँकेचा हॉल, तर मी डक्टेबलच सुचवतो. बंगल्याला सहसा सुचवत नाही. एक खोली गार करायची असली तरी पाचही खोल्यांचं मशीन चालवावं लागतं, आणि घरात दुपारी माणसं एकाच खोलीत असतात.

गॅसवरून जातो त्याला व्हीआरएफ म्हणतात. १९८२ साली डायकिन या जपानी कंपनीने तो पहिल्यांदा बाजारात आणला. गच्चीवर एक मोठं आउटडोअर, तिथून तांब्याच्या बारीक नळ्या प्रत्येक खोलीपर्यंत, प्रत्येक खोलीचा रिमोट वेगळा. चार खोल्या चालू असतील तर चार खोल्यांइतकाच गॅस फिरतो, कॉम्प्रेसरचा वेग तेवढाच राहतो. पंधरा-वीस खोल्यांचा दवाखाना, लॉज, मोठा बंगला, वकील-सीएंची कार्यालयं यांना हा उत्तम. महाग आहे आणि नाजूक आहे. त्याचा जीव तांब्याच्या सांध्यांत असतो. नळ्या जोडताना आतून नायट्रोजन सोडत ब्रेझिंग केलं नाही, तर आत काजळी धरते आणि ती काजळी दोन वर्षांनी व्हॉल्व्ह खाते. काम चालू असताना स्वतः जाऊन विचारा, नायट्रोजनचा सिलिंडर कुठे आहे? नळ्या जोडून झाल्यावर दाब भरून किमान चोवीस तास ठेवायला सांगा आणि मीटरच्या काट्याचा मोबाइलवर फोटो काढा, संध्याकाळी आणि दुसऱ्या संध्याकाळी. गच्चीवर तापमान बदललं की काटा थोडा हलतो, त्याच वेळेचा फोटो हवा तो यासाठी. फॉल्स सीलिंग त्यानंतरच बंद होऊ द्या.

पाण्यावरून जातो तो चिलर. सात अंशांच्या आसपासचं गार पाणी पाइपातून प्रत्येक मजल्यावरच्या एएचयूपर्यंत, म्हणजे हवा गार करून फिरवणाऱ्या युनिटपर्यंत, जातं. शंभर टनांच्या वर, मोठं रुग्णालय, मॉल, कारखाना, अशा ठिकाणी त्याला पर्याय नाही. त्यात दोन जाती. हवेने गार होणारा आणि कूलिंग टॉवरच्या पाण्याने गार होणारा. विजेत दुसरा बराच स्वस्त, आणि आपल्या कोरड्या हवेत कूलिंग टॉवर फार छान चालतो. पण हिशोब पाण्याचाही करा. प्रत्येक टनामागे तासाला साडेसहा लिटर पाणी वाफ होऊन उडतं. शंभर टन, दहा तास, म्हणजे रोज साडेसहा हजार लिटर, आणि क्षार साठू नयेत म्हणून सोडून द्यावं लागणारं पाणी वेगळं. ज्या शहरांत नळाला रोज पाणी येत नाही तिथे रोज जवळपास एक टँकर हवेत सोडायचा का, हा प्रश्न फक्त पैशांचा नाही. शिवाय बोअरचं जड पाणी असेल तर नळ्यांत पांढरा थर धरतो आणि विजेची सगळी बचत त्यात जाते. स्वतःचं सांडपाणी शुद्ध करून वापरता येत असेल तर टॉवर जरूर घ्या. नसेल तर हवेवरचा चिलर घ्या आणि विजेचं बिल मान्य करा, असं माझं स्पष्ट मत आहे.

कूलरला कमी लेखू नका

हे एसीवाल्याने सांगायचं नसतं, तरी सांगतो. खान्देशातल्या प्रत्येक घराला मे महिन्यात एसी लागतोच असं नाही.

पाण्याची वाफ होताना ती हवेतली उष्णता घेते. माठातलं पाणी गार होतं ते याच कारणाने, वाळ्याचा पडदा आणि कूलर हीच गोष्ट करतात. हवा जितकी कोरडी तितकी वाफ जास्त. ४५ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर चांगल्या पॅडचा कूलर ती हवा २७-२८ अंशांपर्यंत आणतो. विजेला एसीच्या जवळपास दहावा हिस्सा लागतो. हाच कूलर जुलैत, ३२ अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेत, हवा जेमतेम तीन अंश खाली आणतो आणि वर ओलावा घालतो.

कूलरचाही सेंट्रल प्रकार असतो. गच्चीवर मोठं युनिट, डक्ट, सगळी ताजी हवा. दालमिल, जिनिंग, शिवणकामाचा कारखाना, उन्हाळ्यातच चालणारं मंगल कार्यालय यांनी आधी याचा विचार करावा. अट एकच, आत आलेली हवा बाहेर जायला खिडक्या किंवा एक्झॉस्ट हवा. दारं-खिडक्या बंद करून कूलर चालवणं म्हणजे खोलीत ढग भरणं. सोन्याचं शोरूम, दवाखाना, सर्व्हर, औषधांचं दुकान यांना मात्र बारा महिने ओलावा ताब्यात हवा. तिथे एसीच.

जे कोटेशनमध्ये लिहिलेलं नसतं

गार हवा जिथून येते तिकडे सगळ्यांचं लक्ष असतं. ती परत कुठून जाते हे कोणी विचारत नाही. मशीन जेवढी हवा फेकतं, तेवढीच ओढतं, टनामागे मिनिटाला साधारण ४०० घनफूट. केबिनचं दार लागलं आणि हवेला परतीची वाट नसली, की केबिन फुगते, जाळीतून हवा येणंच कमी होतं आणि बाहेरचा हॉल धूळ ओढायला लागतो. दाराखाली फट, दारात जाळी किंवा वेगळा परतीचा डक्ट, यातलं काहीतरी नकाशात दिसलंच पाहिजे. अनेक ठिकाणी फॉल्स सीलिंगच्या पोकळीतूनच परतीची हवा ओढतात. शेवटच्या मजल्यावर ती पोकळी तापलेल्या स्लॅबला चिकटलेली असते. म्हणजे आपण स्लॅबची भट्टी मशीनला जोडतो. तिथे परतीचा डक्ट वेगळाच हवा, त्यात तडजोड नको.

डक्टचे सांधे नीट सील केलेले हवेत आणि वर इन्सुलेशन सलग हवं. गच्चीवरून उन्हातून जाणारा डक्ट टाळता येत असेल तर टाळाच. दवाखान्यात ऑपरेशन थिएटरचा एएचयू कायम स्वतंत्र ठेवा. वॉर्डातली हवा फिरून थिएटरमध्ये जाता कामा नये.

आउटडोअरचं धुळ्याच्या गोष्टीत सांगितलंच. समोर मोकळी जागा, वर आकाश, दोन युनिटमध्ये कंपनीने सांगितलेलं अंतर. सावली द्यायची तर उंच द्या, हवा अडणार नाही अशी. आणि धुण्याची सोय आजच करा, जवळ एक नळ आणि उभं राहायला जागा. काळ्या मातीची धूळ आणि कापसाचे तंतू मिळून कॉइलवर फेल्ट कापडासारखा थर बसतो. जिनिंगच्या आसपास तो मी हाताने सोलून काढला आहे. होळीच्या आत कॉइल धुतली पाहिजे. दोन महिने उशीर म्हणजे ऐन उन्हाळ्यात मशीन गुदमरणार.

वीज. १० टनाचं डक्टेबल साधारण १२ किलोवॅट घेतं, मे महिन्यात १४-१५च्या आसपास जातं. मंजूर भार त्या हिशोबाने वाढवून घ्या, महावितरणकडे अर्ज इमारतीचं काम चालू असतानाच टाका. शेतातल्या मोटरला आपण सिंगल फेज प्रिव्हेंटर लावतो, कारण एक फेज गेला की वाइंडिंग जळतं. लाखभराच्या कॉम्प्रेसरला तेच संरक्षण लावायचं मात्र लोक विसरतात. व्होल्टेज कमी-जास्त झालं तरी बंद पाडणारं रिले त्याच पॅनेलमध्ये बसतं, खर्च किरकोळ आहे.

गॅसबद्दल. जुना आर-२२ ओझोनच्या थराला बाधतो म्हणून १९८७च्या मॉन्ट्रियल कराराखाली जगभर बंद होत आहे, नव्या कामात तो घेऊ नका. आर-४१०ए अजून मोठ्या मशीनमध्ये दिसतो. आर-३२ पृथ्वी तापवण्याच्या बाबतीत त्याच्या सुमारे एक तृतीयांश आहे, पण थोडा ज्वलनशील आहे, म्हणून काम करणारा प्रशिक्षित हवा. आणि वर म्हटलं ते पुन्हा सांगतो, गॅस खर्च होत नाही. "दर वर्षी गॅस टाकावा लागतो" असं कोणी म्हणालं तर कुठेतरी गळती आहे. आधी गळती शोधून बुजवायला सांगा, मगच भरायला.

रोजच्या वापरात १८ वर लावल्याने खोली लवकर गार होत नाही, फक्त मशीन थांबायचं विसरतं. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या सांगण्याप्रमाणे तापमान एक अंश वर ठेवलं तर सुमारे सहा टक्के वीज वाचते. बाहेर ४५ असताना २६ अंश आणि वर मंद पंखा, यात माणूस सुखाने बसतो. मी स्वतः ऑफिसात तेवढंच ठेवतो.

शेवटचं, व्यवहाराचं. बहुतेक कामं दिवाळीच्या मुहूर्तावर पूर्ण होतात. नोव्हेंबरात सगळी मशीन गार करतात, सगळे पैसे चुकते होतात. करारातच लिहून घ्या की दहा टक्के रक्कम मे महिन्यातल्या चाचणीनंतर मिळेल. त्या दिवशी दुपारी तीनला ठेकेदाराला बोलवा, सोबत दोन साधे थर्मामीटर ठेवा. एक जाळीच्या तोंडाशी, एक परतीच्या जाळीशी. दोन्हींत दहा-बारा अंशांचा फरक दिसला पाहिजे आणि खोलीच्या मधोमध ठरलेलं तापमान. मग तेच थर्मामीटर घेऊन ठेकेदारासोबत गच्चीवर जा आणि आउटडोअरच्या मागच्या बाजूला धरा. तिथला आकडा बाहेरच्या हवेपेक्षा तीन-चार अंशांहून जास्त वर असेल, तर उरलेले पैसे देण्याआधी युनिट हलवून घ्या.